रकान्यात लिहिलं ‘ज्यू’: कंपवाताच्या एका कुटुंबाचं प्रकरण

(नावं, वयं, व्यवसाय आणि गावं बदलली आहेत. बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाचे लोक भारतात आता काही हजारच उरले आहेत. नाव न घेताही माणूस ओळखू यावा इतका हा समाज लहान, म्हणून एवढी काळजी. वैद्यकीय भाग मात्र जसा घडला तसाच ठेवला आहे.)

पार्श्वभूमी

डॅनियलभाऊंच्या पायात काहीतरी बिघडलंय हे सगळ्यात आधी स्टेशनबाहेरच्या मोच्याच्या लक्षात आलं. डावी चप्पल दर वेळी बाहेरच्या कडेने झिजलेली असायची आणि उजवी नव्यासारखी. “साहेब, हा पाय तुम्ही वाकडा टाकता,” तो म्हणाला. भाऊ तेव्हा ३४ वर्षांचे होते. सकाळी झोपून उठल्यावर पाय अगदी ठणठणीत असायचा. संध्याकाळी लोकलमधून उतरून घराकडे चालायला लागले की दहा मिनिटांत बोटं आत वळायची आणि पाऊल तिरकं व्हायचं.

पुढची पाच वर्षं हाडांचे डॉक्टर, मणक्याचा एमआरआय, बुटात घालायचे खास तळवे आणि तेलाचं मालिश यांत गेली. शेवटी एका मेंदूविकारतज्ज्ञांनी त्यांना कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारायला लावल्या. चालताना डावा हात हलतच नाही, हे त्यांनी पाहिलं आणि लेव्होडोपा या कंपवातावरच्या (पार्किन्सनच्या आजारावरच्या) औषधाची छोटी मात्रा दिली. पाऊण तासाने पाय सरळ झाला. “पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दोन्ही पायांचा आवाज सारखा ऐकला,” असं वहिनी सांगतात.

माझ्याकडे, म्हणजे जनुकीय समुपदेशनाला, ते आले तेव्हा वय होतं ४३. गोळीचा जोर असताना मान आणि डावा हात आपोआप डुलायचे. पण त्यासाठी ते आले नव्हते. मुलगी २२ वर्षांची होती आणि घरात तिच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. दुसरं म्हणजे लग्न होऊन इस्राएलमधल्या अश्दोदला गेलेली थोरली बहीण, रिबेकाताई. तिच्याही उजव्या हाताला चाळिशीच्या सुरुवातीलाच कंप सुरू झाला होता. आईवडिलांना असं काही नव्हतं. वडील ७४व्या वर्षी हृदयविकाराने गेले. आई ७८ वर्षांची, सुईत दोरा स्वतः ओवणारी.

अडचण

रिबेकाताईंची तपासणी इस्राएलमध्ये आधीच झाली होती. अहवालाचा फोटो त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता, सोबत एका ओळीचा निरोप: “काही निघालं नाही, आपल्याकडे जेनेटिक नाहीये.” ही एक ओळ घेऊन भाऊ माझ्यासमोर बसले होते. त्यांना तिच्यावर माझा शिक्का हवा होता, म्हणजे मुलीच्या सासरी सांगायला बरं.

त्या अहवालात नेमकं काय तपासलं होतं ते आधी पाहू. एलआरआरके२ या जनुकातला जी२०१९एस हा एक बदल आणि जीबीए या जनुकातले ठरावीक काही बदल, बाकी काही नाही. हेच का, यामागे इतिहास आहे. २००६ साली न्यूयॉर्कच्या एका अभ्यासात कंपवात झालेल्या अश्केनाझी ज्यूंपैकी सुमारे १८ टक्के लोकांत जी२०१९एस सापडला. निरोगी अश्केनाझींमध्ये तो जेमतेम एक टक्का होता. त्याच वर्षी उत्तर आफ्रिकेतल्या अरब रुग्णांत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास निघालं. जीबीएचंही तसंच. या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर गौशे नावाचा आजार होतो, एक बिघडली तर कंपवाताचा धोका वाढतो. २००९ साली १६ केंद्रांनी मिळून केलेल्या अभ्यासात जीबीएतले दोन ठळक बदल अश्केनाझी रुग्णांपैकी १५ टक्क्यांत आणि इतर रुग्णांपैकी ३ टक्क्यांत होते. हे आकडे पाहिले की इस्राएलमधल्या प्रयोगशाळेने स्वस्तातली, नेमक्या याच जागा पाहणारी चाचणी का ठेवली असेल ते कळतं. अश्केनाझी माणसासाठी ती उत्तमच आहे.

पण रिबेकाताई अश्केनाझी नाहीत. अश्केनाझी म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातून आलेले, यिडिश बोलणाऱ्यांचे वंशज. बेने इस्राएल कोकणातले, मराठी बोलणारे, तेल गाळणारे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. परंपरा अशी की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांच्यापासून हा समाज वाढला. कथेची ऐतिहासिक बाजू इतिहासकारांनी पाहावी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांमध्ये मध्यपूर्वेकडचा ज्यू वारसा आणि भारतीय वारसा दोन्ही भरपूर सापडले, एवढं इथे पुरे. युरोपातल्या ज्यूंच्या मूळपुरुषांकडून आलेला बदल त्यांच्यात शोधणं म्हणजे रत्नागिरीच्या माणसाचा सातबारा नागपूरच्या तलाठ्याकडे मागण्यासारखं. तिथे तो सापडला नाही म्हणून जमीनच नाही असं होत नाही.

आता माझी चूक. पहिल्या भेटीत मी जो फॉर्म भरला त्यात ‘वंश / समुदाय’ असा एक रकाना होता आणि पुढे चार-पाच पर्याय. भाऊंना विचारलं, ते म्हणाले “ज्यू”, आणि मी त्या चौकोनात खूण केली. पुढचा प्रश्नच विचारला नाही. माझ्या डोक्यातही ‘ज्यू’ म्हटल्यावर जी२०१९एस हेच आलं. समोरचा माणूस माझ्याशी रायगडच्या हेलाने मराठी बोलत होता आणि वहिनींनी डब्यातून मलिद्याचा प्रसाद आणला होता, तरीही.

पर्याय

पहिला पर्याय खुद्द भाऊंचाच होता: काहीच करू नये. या वयात जनुक कळलं म्हणून औषध बदलेल का? प्रश्न रास्त आहे. बहुतेक रुग्णांत उत्तर ‘फारसं नाही’ असंच असतं.

दुसरा, बहिणीचीच चाचणी भावावर करायची. प्रयोगशाळेच्या माणसाने फोनवर हेच सुचवलं, कारण फॉर्मवर तशी खूण होती. स्वस्त आणि दोन आठवड्यांत निकाल. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

थांबले ती वंशावळीचा कागद पाहून. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे स्त्री, आजार असेल तर काळं भरायचं. काळ्या खुणा एकाच ओळीत होत्या: भाऊ आणि बहीण. वरच्या ओळीत आई-वडील कोरे, खालच्या ओळीत मुलं कोरी. जी२०१९एसची एकच प्रत आजाराला पुरते, त्यामुळे तो बहुधा पिढीतून पिढीत खाली उतरताना दिसतो. बहुधा म्हणते, कारण ज्यांच्यात तो असतो त्या सगळ्यांना आजार होतोच असं नाही. ८० वर्षांपर्यंत धोका किती याचे अंदाज वेगवेगळ्या अभ्यासांत २५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांच्या पुढेपर्यंत जातात. भावंडांतच आजार, आईवडील निरोगी, सुरुवात चाळिशीच्या आसपास किंवा आधी, पायाचं वळणं, झोपेनंतर बरं वाटणं, लेव्होडोपाला झटकन प्रतिसाद आणि लवकर सुरू झालेलं डोलणं: हे सगळं दुसऱ्याच दिशेला बोट दाखवत होतं. भाऊंना मी वासाचं विचारलं तेव्हा ते हसले. “बोंबील कुणाच्या घरी भाजतायत ते जिन्यातून सांगतो.” कंपवातात वास जाणं फार सामान्य, या दुसऱ्या प्रकारात तो बऱ्याचदा शाबूत राहतो.

हा दुसरा प्रकार म्हणजे पार्किन जनुकाचा. १९९८ साली जपानी संशोधकांनी तो जपानी कुटुंबांत शोधला. त्या कुटुंबांत जनुकाच्या मजकुरातलं एखादं अक्षर चुकलेलं नव्हतं, जनुकातला तुकडाच गळालेला होता. यात दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. भारतातही कमी वयात कंपवात झालेल्यांच्या तपासण्यांत पार्किन पुन्हापुन्हा सापडतं, उलट जी२०१९एस क्वचितच. मग मी आईंना फोन लावून विचारलं, तुमचं माहेर कुठलं? त्यांचं माहेर आणि सासर एकमेकांपासून सहा कोसांवर. “आमच्यात नातं होतं, पण लांबचं,” आई म्हणाल्या. “लांबचं म्हणजे कितीचं ते आता सांगणारं कोणी राहिलं नाही.”

आता तिसरा आणि चौथा पर्याय उरले. तिसरा: कंपवाताशी संबंधित सगळी जनुकं अक्षर-अक्षर वाचणारी चाचणी. चौथा: तीच, आणि सोबत जनुकाच्या प्रत्येक भागाच्या प्रती मोजणारी एमएलपीए ही वेगळी तपासणी. अक्षरं वाचणाऱ्या चाचणीला गळालेलं पान दिसेलच असं नाही. आहे त्या पानांवरचे शब्द बरोबर असले की ती ‘ठीक’ म्हणते. पार्किनसाठी दोन्ही एकदम करायला हव्यात, हे मला माहीत होतं. खर्च भाऊंच्या खिशातून जाणार होता. म्हणून आधी तिसरा, गरज पडली तर चौथा, असं आम्ही ठरवलं. तो निर्णय पैशाचा होता, शास्त्राचा नव्हता.

काय केलं

सहा आठवड्यांनी अहवाल आला. पहिल्या पानावर लिहिलं होतं, आजाराला कारण ठरेल असा बदल सापडला नाही. खाली एक नोंद: एलआरआरके२ जनुकात ‘अनिश्चित अर्थाचा’ एक बदल, एकाच प्रतीत.

या नोंदीने घरात जो गोंधळ घातला त्याला तोड नाही. मुलाने रात्रभर बसून इंटरनेटवर एलआरआरके२ शोधलं. सकाळी सात वाजता मला फोन: “मॅडम, म्हणजे पप्पांना तेच आहे ना, ज्यू लोकांचं?” पुन्हा तोच शिक्का, या वेळी घरातूनच.

अनिश्चित अर्थ म्हणजे काय, हे मी त्यांना असं समजावलं. कुठलाही बदल आजाराचा की निव्वळ तुमच्या-आमच्यातला साधा फरक, हे ठरवताना एक मोठी कसोटी लावतात: निरोगी लोकांत तो किती आढळतो? ज्या लोकांचे नमुने जगाच्या साठ्यात भरपूर आहेत, त्यांच्यासाठी उत्तर लगेच मिळतं. हे साठे बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर उभे आहेत. कोकणातल्या एका लहान समाजात पिढ्यान्‌पिढ्या असलेला निरुपद्रवी फरकही तिथे ‘कधीच न दिसलेला’ ठरतो, आणि कधीच न दिसलेला म्हणून संशयित. उलटही होतं. २०२३ साली नायजेरियातल्या आणि आफ्रिकी वंशाच्या इतर रुग्णांच्या अभ्यासात जीबीए जनुकातच कंपवाताचा एक मोठा धोका सापडला. एक प्रत असेल तर धोका सुमारे दीडपट, दोन असतील तर साडेतीनपट. युरोपीय वंशाच्या लोकांत हा बदल जवळजवळ नाहीच, म्हणून इतकी वर्षं तो कुणाला दिसला नव्हता. चीन, तैवानकडच्या रुग्णांत तर एलआरआरके२चेच जी२३८५आर आणि आर१६२८पी हे निराळे बदल महत्त्वाचे ठरतात. जनुक तेच, पण कुठे काय शोधायचं ते माणसाच्या पूर्वजांवर.

यातून बाहेर पडायला एक सोपा मार्ग होता: रिबेकाताईंमध्ये हा बदल आहे का ते पाहायचं. नसेल, तर दोघांच्या आजाराचं समान कारण तो असणार नाही. अश्दोदहून नमुना तपासून आला, नव्हता.

मग मी अहवालाची शेवटची पानं काढली. खरं तर ती आधीच काढायला हवी होती. तिथे प्रत्येक जनुकाच्या प्रत्येक भागाचं किती वेळा वाचन झालं त्याचा तक्ता असतो. वर मोठ्या अक्षरांत ९९ टक्क्यांहून अधिक भाग वाचला असं लिहिलेलं, त्यामुळे खाली कोणी जात नाही. पार्किनचे १२ भाग आहेत. पहिला, दुसरा, सगळे शंभर-दीडशेच्या घरात. तिसऱ्यासमोर शून्य. चौथ्यापासून पुन्हा शंभर-दीडशे.

प्रयोगशाळेला फोन केला. पलीकडच्या मुलीने आधी “नमुन्याची क्वालिटी असेल” म्हटलं. शेजारचे दोन्ही भाग व्यवस्थित वाचले गेले असतील तर नमुना वाईट कसा, असं विचारल्यावर ती गप्प झाली. मग तिच्या वरिष्ठांनी एमएलपीए बिनखर्चाने करून दिली. भाऊंच्या पार्किनच्या तिसऱ्या भागाच्या प्रती: शून्य. आईंच्या: एक. रिबेकाताईंच्या: शून्य.

निष्पन्न

भाऊंचे डॉक्टर आणि मी एकत्र बसलो. लेव्होडोपा एकदम न वाढवता थोड्या थोड्या अंतराने लहान मात्रा आणि जोडीला दुसऱ्या गटातलं औषध असा बदल झाला. या दुसऱ्या औषधाने काहींना जुगार, खरेदी असल्या गोष्टींचा अनावर नाद लागतो. तो इशारा डॉक्टरांनी वहिनींना स्वतंत्रपणे दिला, आणि ते फार बरं केलं. डोलणं पूर्ण गेलं नाही, पण कमी झालं. पार्किनचा आजार बहुधा सावकाश पुढे सरकतो आणि स्मरणशक्तीला सहसा धक्का लावत नाही, हे ऐकल्यावर भाऊंनी पहिला प्रश्न विचारला, “म्हणजे नोकरी रिटायरमेंटपर्यंत?” शक्यता चांगली, असं डॉक्टर म्हणाले. त्याहून जास्त आम्हाला म्हणता येत नव्हतं.

मुलांचं गणित त्यामानाने सरळ निघालं. भाऊंच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या, त्यामुळे दोन्ही मुलांकडे एक बिघडलेली प्रत जाणारच. त्यासाठी वेगळी चाचणी नको. प्रश्न वहिनींचा होता. त्याही याच समाजातल्या, माहेर पेणकडचं. त्यांची पार्किनची दोन्ही प्रकारची तपासणी केली आणि दोन्ही प्रती व्यवस्थित निघाल्या. म्हणजे मुलं वाहक आहेत, रुग्ण होण्याची शक्यता नाहीच म्हणावी इतकी कमी.

मुलीच्या लग्नात सांगायचं का, यावर मात्र घरात दोन तट पडले. वहिनी म्हणाल्या नको, आजी म्हणाल्या सांगा. मुलीने दोघींना बाजूला ठेवलं आणि स्वतः माझ्याकडे आली. मी तिला एवढंच सांगितलं की मूल होऊ द्यायचा विचार कराल तेव्हा नवऱ्याची पार्किन तपासणी करून घेता येईल, विशेषतः तो समाजातलाच असेल तर. आधी सांगायचं की नंतर, ते तिने ठरवायचं. तिने काय ठरवलं ते मी इथे लिहिणार नाही.

आणखी एक मागणी आली, ती अनपेक्षित. समाजातल्या एका ज्येष्ठांना हे कुठून तरी कळलं. सिनेगॉगच्या हॉलमध्ये शिबिर भरवून सगळ्यांची तपासणी करू, असं त्यांनी मनापासून सुचवलं. आम्ही नकार दिला. एका कुटुंबात तुकडा गळालेला सापडला, यावरून समाजात त्याचं प्रमाण काय हे कळत नाही. आणि लहान समाजात एखादी गोष्ट ‘आपल्यातला रोग’ म्हणून चिकटली की तीस वर्षं सुटत नाही. मुंबईच्या पारशांचं उदाहरण मी त्यांना दिलं. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पारशी वसाहतींत लाखामागे ३२८ लोकांना कंपवात निघाला. आकडा ऐकून लोक दचकतात. पण तो समाजच वयस्क, आणि हा आजार वयाबरोबर वाढतो, हे कोणी त्या आकड्याशेजारी वाचत नाही. ज्येष्ठांनी ऐकून घेतलं, पटलं की नाही ते कळलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पाच वर्षं हाडांच्या डॉक्टरांकडे गेली त्याबद्दल आता बोलून उपयोग नाही. तिशीतल्या माणसाचा संध्याकाळी वळणारा पाय पाहून कुणालाही कंपवात सुचत नाही. सुचायला हवा, पण सुचत नाही.

माझ्या टप्प्यावर दोन गोष्टी निराळ्या झाल्या असत्या. वंशावळ मी पहिल्याच भेटीत काढली होती, पण वाचली दुसऱ्या भेटीत. आणि दोन्ही चाचण्या एकदम केल्या असत्या तर अनिश्चित बदलाच्या नादात गेलेले चार महिने वाचले असते. खर्चाचा हिशेब शेवटी आमच्या ‘बचती’च्या उलटच बसला; अश्दोदची जादा तपासणी त्यात धरा.

रिबेकाताईंच्या डॉक्टरांना मी पत्र लिहिलं, पार्किनचा निकाल आणि जुनी चाचणी अपुरी का होती याचं स्पष्टीकरण जोडून. त्यांचं उत्तर सौजन्याचं होतं. ताई मात्र फोनवर रागावल्या. “इथे आल्यापासून आम्हाला सांगत आले की तुम्ही पुरेसे ज्यू नाही. एकदाच पुरेसे ज्यू धरलं, तेही चुकीच्या ठिकाणी!” १९६०च्या दशकात बेने इस्राएलांच्या लग्नांवरून तिथे मोठा वाद झाला होता, धरणी धरली गेली होती, ताईंच्या सासूबाई त्यात बसल्या होत्या.

आमच्या फॉर्मवर तो रकाना आता राहिलेला नाही. त्याऐवजी चार ओळी आहेत: आईचे आई-वडील, वडिलांचे आई-वडील, प्रत्येकाचं गाव आणि घरात बोलायची भाषा. भरायला वेळ लागतो, रांगेतले लोक कुरकुरतात. चौथ्या ओळीपर्यंत येताना बहुतेकांना घरी फोन करावा लागतो.

एलआरआरके२मधला तो बदल अहवालात अजूनही ‘अनिश्चित’ म्हणूनच उभा आहे. दर सहा महिन्यांनी मी साठा उघडून पाहते.